मुक्कामाची वही

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. दुधाचा हिशेब, गॅसच्या सिलिंडरची तारीख, विजेचे बिल, नात्यातील लग्नकार्ये असे सारे काही मी तिच्यावर नोंदवून ठेवते. उद्याचा दिवस आज चौकटीत लिहून ठेवला, की तो आपल्या मुठीत आला असे मला वाटते. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, या सवयीचे मोठे कौतुक आणि थोडे हसूही. ते म्हणत, "लिही, जरूर लिही. पण चौकटीबाहेर थोडी जागा राहू दे." कुणासाठी, असे विचारले की ते नुसते देव्हाऱ्याकडे पाहत.

अण्णा वारकरी होते. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातले. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो, आणि कधी येतच नाही. अण्णांनी कर्ज काढून विहीर खोदायला घेतली होती. पुढच्या हंगामाचे, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे सारे बेत त्या विहिरीवर अवलंबून होते. तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरीला पाणी लागले नाही. बैलजोडी विकावी लागली आणि अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. त्यानंतरच्या आषाढात ते पहिल्यांदा पंढरीला पायी गेले. पुढे पुण्याला येऊन ते कारखान्यात नोकरीला लागले. पण वारी त्यांनी कधी चुकवली नाही.

मी एकदा त्यांना विचारले होते, "ज्या देवानं पाऊस दिला नाही, त्याच्याच दारी कसे गेलात?"

ते म्हणाले, "भांडायलाच गेलो होतो. पण दिंडीत चालताना पाहिलं, प्रत्येकाजवळ माझ्यासारखंच एखादं गाऱ्हाणं होतं. कुणाचं पीक गेलेलं, कुणाचं मूल. तरी एकमेकांना भाकरी देत सगळे चालले होते. पंढरपूर येईपर्यंत भांडण कुठं गळून पडलं, कळलंच नाही."

मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले. 'शरणागती' या शब्दावर परीक्षेत चार पाने लिहून आले. पुढे अध्यापन करताना तुकाराम महाराजांचे चरित्रही शिकवले. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले, व्यापार बुडाला; आणि अशा काळात त्यांनी देहूच्या विठ्ठलमंदिराच्या दुरुस्तीला हात घातला, असे चरित्रकार सांगतात. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' या म्हणीतील आळस आणि ही श्रद्धा यांतील फरक मी विद्यार्थ्यांना उत्तम समजावून देत असे. स्वतःला मात्र तो समजायचा होता.

दरवर्षी ज्येष्ठ लागला, की अण्णा विचारीत, "यंदा येतेस का?" माझे उत्तर ठरलेले असे, "पुढच्या वर्षी नक्की." कधी मुलांच्या परीक्षा, कधी उत्तरपत्रिका, कधी पाहुणे. अशी कितीतरी वर्षे गेली. अखेर २०२० साली मी मनावर घेतले. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. मी रजेचा अर्ज दिला, कापडी बूट घेतले, रोज पहाटे चालण्याचा सराव सुरू केला. दिनदर्शिकेवर आळंदी ते पंढरपूर असे सारे मुक्काम लाल शाईने लिहिले.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. मेच्या अखेरीस निर्णय झाला, की यंदा पायी वारी होणार नाही. मला रडू कोसळले. मी म्हणाले, "अण्णा, इतक्या वर्षांनी मी निघाले, आणि देवानं दार लावून घेतलं!"

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "दार आज लागलं, पोरी. आधी इतकी वर्षं ते उघडंच होतं."

त्यांच्या स्वरात दोष नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. बेत मोडला की आपण देवाला जाब विचारतो; पण किती बेत आपणच दिवसेंदिवस पुढे ढकललेले असतात, याचा हिशेब कोण ठेवतो?

वारीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून अण्णांनी मला धान्य आणायला सांगितले. आमच्या गल्लीच्या टोकाला एका अपुऱ्या इमारतीत काम बंद पडल्याने अडकून राहिलेली मजुरांची दोन कुटुंबे होती. ते धान्य त्यांच्याकडे गेले. त्यानंतर अण्णांनी कपाटातून एक जुनी वही काढली. दर वर्षीच्या मुक्कामांची नोंद ते तिच्यात करीत. १३ जूनला आळंदीहून मोजक्या लोकांच्या उपस्थितीत माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले. पादुका पुढे आळंदीतच राहिल्या. त्या संध्याकाळी अण्णा टाळ घेऊन अंगणात आले आणि फेऱ्या घालू लागले. मीही त्यांच्या मागून चालू लागले. फेऱ्या संपल्यावर त्यांनी वहीत लिहिले, 'आळंदी'. मग पुणे आले, सासवड आले, जेजुरी, वाल्हे, लोणंद आले. अंगण तेच होते, तुळशीवृंदावनही तेच. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र रोज नव्या गावी पोचल्याचा आनंद असे.

३० जूनला पादुका एस. टी. बसने पंढरपूरला निघाल्या. दूरदर्शन संचावर फुलांनी सजवलेली ती बस पाहून अण्णांनी हात जोडले आणि मिश्कीलपणे म्हणाले, "माउलींनासुद्धा यंदा बेत बदलावा लागला!"

२०२१ सालीही पादुका बसनेच गेल्या. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा अण्णांचे गुडघे साथ देईनासे झाले होते. मुक्कामाची वही माझ्या पिशवीत घालत ते म्हणाले, "आता तू चाल. संध्याकाळी फोनवर गाव सांगत जा." मी दिवेघाट चढले, नीरेचे पाणी डोळ्यांना लावले. पायांना फोड आले, तेव्हा एका अनोळखी बाईने आपल्याजवळचे तेल माझ्या तळव्यांना चोळले. अण्णांनी सांगितलेले सारे खरे होते.

फलटणच्या मुक्कामी घरून फोन आला. अण्णा न्हाणीघरात घसरून पडले होते, खुब्याचे हाड मोडले होते. पंढरपूर अजून कितीतरी मुक्काम दूर होते. पिशवी भरताना माझे हात थरथरत होते. अण्णांची काळजी होतीच. पण खरे सांगायचे तर त्या काळजीत स्वतःबद्दलची हळहळही मिसळलेली होती. आमच्या दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एक आजी होत्या. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "रडतेस कशाला, ताई? आईबापाची सेवा चालली होती, म्हणून पुंडलिकानं साक्षात देवाला विटेवर उभं केलं. तो अजून तसाच उभा आहे. तू थोडं थांबवलंस, तर रागावेल होय?"

ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेन! तिचा अर्थ मला फलटणला एस. टी.ची वाट पाहताना कळला.

रुग्णालयात मला पाहताच अण्णांचे डोळे भरून आले. "माझ्यामुळं तुझी वारी मोडली," ते म्हणाले. मी म्हणाले, "मोडली नाही, अण्णा. मुक्काम बदलला." त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्यांच्या खाटेजवळ बसून त्या दिवशीचे गाव सांगत असे, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर... आणि ते डोळे मिटून हात जोडीत. अण्णांनी पुन्हा आपल्या पायांनी चालावे, अशी प्रार्थना मी रोज केली. ती फळली नाही. पुढच्या माघात अण्णा गेले.

विश्वास म्हणजे देव आपल्या मनासारखे करील ही हमी, अशी माझी समजूत होती. ती हमी अण्णांना कधीच मिळाली नव्हती, विहिरीच्या वेळीही नाही आणि शेवटच्या आजारातही नाही. बेत मोडला तरी आजचे पाऊल टाकायचे, जवळच्या भाकरीतील अर्धी दुसऱ्याला द्यायची, आणि उरलेला भार त्याच्यावर सोपवून शांत झोपायचे, एवढेच ते करीत आले.

वही आता माझ्याजवळ असते. रुग्णालयातून घरी आल्यावर अण्णांनी ती एकदा मागून घेतली होती. मी लिहिलेल्या 'फलटण' या शब्दाखाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात दोनच शब्द आहेत : 'पुढे घर.'

दिनदर्शिकेवर मी आजही उद्याची कामे लिहिते. पण आता चौकटीबाहेर थोडी जागा मोकळी राहू देते.