लाभाचें माप

“शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर” हें कोष्टक आमची सहा वर्षांची नात घडाघडा म्हणून दाखवी. एके दिवशीं आम्हीं तिला सहज विचारलें, “मग बाळ, तुझी उंची किती?” क्षणभर विचार करून ती उत्तरली, “शंभर मीटर!”

घरांत हंशा पिकला. आम्हांला मात्र हंसूं आलें नाहीं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं तिच्या वडिलांनीं असेंच एक उत्तर दिलें, तेव्हां आम्हीं त्यांच्यापुढें कोष्टकांचें पुस्तक आपटलें होतें. त्या दिवशीं त्यांनीं गणिताची जी धास्ती घेतली, ती पुढें कधीं गेली नाहीं.

या खेपेस आम्हीं पुस्तक उघडलें नाहीं. नातीला ओसरी वितींनीं मोजावयास सांगितली. तिच्या २६ विती भरल्या, आमच्या १६. “आजोबा, ओसरी एकच, मग आकडे दोन कसे?” उत्तर आमच्या जिभेवर आलें होतें, तें मोठ्या कष्टानें आवरलें. थोड्या वेळानें तीच म्हणाली, “तुमचा हात मोठा ना!” सर्वांचें माप एकच हवें, हें समजण्यास फ्रान्सला १७९५ चा आणि आपल्याला १९५६ चा कायदा करावा लागला. तिला एक ओसरी पुरली.

आमच्या सौभाग्यवतींचा वर्ग स्वयंपाकघरांत भरतो. वाटीभर तांदुळास दोन वाट्या पाणी, हा तेथील पहिला धडा. उंच पेल्यांतलें पाणी पसरट वाडग्यांत ओतलें कीं तें कमी झालें, असें नातीस वाटे. मुलांच्या याच समजुतीचा झां पियाजे यांनीं कसून अभ्यास केला. सौभाग्यवतींनीं पियाजे वाचलेले नाहींत. त्यांनीं तेंच पाणी मुकाट्यानें पुन्हां पेल्यांत ओतून दाखविलें. “आधीं अंदाज सांग, मग मोज,” एवढाच त्यांचा नियम. अंदाज आणि माप यांच्यामध्यें जें अंतर उरतें, तेथेंच मूल शिकतें. आम्ही तें अंतर रागानें भरून काढीत होतों.

आमची आजी गांवीं धान्य मोजतांना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणे. दोन चिपटीं म्हणजे मापटें, दोन मापटीं म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, हें आम्हांकडून कोणीं पाठ करून घेतलें नव्हतें. तिच्याशेजारीं बसून तें हातांना कळलें होतें. तीं मापें व्यवहारांतून गेलीं, याचें आम्हांस दुःख नाहीं. त्यांच्याबरोबर तें शेजारीं बसणेंहि गेलें, याचें आहे.

परवां नातीनें दाराच्या चौकटीला पाठ टेकून आपली उंची मोजविली. अंदाज १२० सेंटिमीटरांचा. टेपानें ११४ भरली. मग तिनें वडिलांना तेथें उभें केलें. “बाबा, आधीं अंदाज!”

चिरंजीवांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें. “आणि चुकला तर?”

“मग मोजायचं!” ती म्हणाली.