दोन पाट

आमच्या शाळेत वर्तमानपत्र एकच येते, आणि ते आधी कोणाच्या हाती पडावे यावरून रोज लटके भांडण होते. ७ सप्टेंबर २०१८ च्या सकाळी मात्र ते टेबलावर तसेच पडून होते. आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता : दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतले ते कलम ३७७. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली त्याची नांगी मोडली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जागेवर आणून बसविले. आणि आता पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही शिक्षा पुसून टाकली. एवढी मोठी गोष्ट, पण शिक्षकांच्या खोलीत कोणी ब्र काढला नाही. एकाने तर ते पान आत जाईल अशी घडी घातली. तो एक मीच, हे सांगून टाकलेले बरे.

मला एक जुना विद्यार्थी आठवला होता. हळू बोलणारा, मोत्यासारख्या अक्षराचा. मुले त्याला एका नावाने चिडवीत. एकदा ते माझ्या कानी पडले आणि मीही हसलो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. माझ्या त्या हसण्याला कोणत्याच कलमात शिक्षा नव्हती.

गेल्या दिवाळीत तो घरी आला. बरोबर मित्र होता. "सर, आम्ही एकत्र राहतो," तो म्हणाला. मला शब्द सुचेना. अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेचे, असे न्यायालयाने २०२३ साली सांगितले. संसद लोकांकडे पाहते. आणि लोक म्हणजे कोण? फराळाचे ताट पुढे घेऊन मुका बसलेला मीच की!

एवढ्यात आतून आईने विचारले, "अरे, ही पोरे जेवायला आहेत ना? दोघांचे पाट शेजारी मांडते हो!" तिला कलमे ठाऊक नाहीत. तिने त्या दोघांना दारातून येताना पाहिले होते, एवढेच.

निरोप देताना मी कसाबसा म्हणालो, "तेव्हा वर्गात मी हसलो होतो रे."

"आठवते, सर," तो म्हणाला, आणि वाकून चपला घालू लागला. 'असू द्या' असे काही तो म्हणाला नाही. म्हणायला नकोच होते.

यंदाही दोघे येणार आहेत. पाट मी मांडणार आहे.