संचिताचे तिकीट

पुण्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवतो, अशी आपली परंपरागत समजूत आहे. अलीकडे हे काम बँका आणि विमान कंपन्याही करू लागल्या आहेत. किराणा घेतला, औषधे आणली, की कुठल्याशा अदृश्य वहीत चार पॉइंट जमा होतात. शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे भेद केले; आम्हां उभयतांना ते नीट उमगले ते क्रेडिट कार्ड हाती आल्यावर. कार्ड वापरणे हे क्रियमाण, महिनाअखेरीस दिसणारा आकडा हे संचित, आणि त्यातून विमानात जागा मिळणे वा न मिळणे हे प्रारब्ध.

या पुण्यसंचयाचा आरंभ अमेरिकेतला. तेथे १९७८ मध्ये विमान व्यवसायावरील सरकारी बंधने सैल झाली, कंपन्यांत चढाओढ लागली, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये प्रवासाच्या मैलांचे खाते उघडले. पुढे हे मैल दुकानांतूनही मिळू लागले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने एका खाद्यकंपनीची जाहिरात बारकाईने वाचली, ३,१४० डॉलर खर्चून पुडिंगचे १२,१५० पेले विकत घेतले आणि साडेबारा लाख मैल पदरात पाडून घेतले. पुडिंग त्याने दान केले. म्हणजे पुण्य दोन्ही वह्यांत जमा!

आमचा पराक्रम एवढा नाही. इंदूरच्या निवृत्त दांपत्याचा खर्च तो केवढा! तरी त्यातले गणित आम्ही आवडीने शिकलो, आणि ते कठीण नाही. तिकिटाच्या रोख किमतीतून, पॉइंट वापरले तरी भरावे लागणारे कर वजा करावेत आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटांनी भागावे. समजा तिकीट ६,००० रुपयांचे आहे, आणि पॉइंटांवर तेच १०,००० पॉइंट व १,२०० रुपयांना मिळते. तर एक पॉइंट ४८ पैशांचा ठरला. तेच तिकीट ऐन दिवाळीत वा निघण्याच्या आदल्या दिवशी १४,००० रुपयांवर गेले आणि पॉइंट मात्र तेवढेच मागितले, तर कर तेवढेच धरून पॉइंटची किंमत सव्वा रुपयाच्या वर जाते. म्हणून निवांत, महिनाभर आधी ठरवलेल्या प्रवासाला रोख पैसे द्यावेत आणि संचित अडीअडचणीसाठी राखावे, असे आमचे मत झाले. बँकेच्या यादीतला मिक्सर पॉइंटांवर घेणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. पण त्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

मात्र हे चलन छापणाराच त्याचे मोल ठरवतो. आज १०,००० पॉइंटांना मिळणारी जागा उद्या १५,००० ला गेली तर दाद मागायची सोय नाही. बँकेतून विमान कंपनीच्या खात्यात गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी त्यांना मुदतही असते. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. तिच्या पॉइंटांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे आकडे शाबूत राहिले. पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते साठवले होते, ती विमानेच उरली नाहीत. विस्ताराच्या खातेदारांचे नशीब बरे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली आणि त्यांचे पॉइंटही तिकडे गेले. तात्पर्य, संचय करावा, पण कृपणासारखा हंडा पुरून ठेवू नये. आमच्या सौभाग्यवतींना हे मान्य नाही. आकडा वाढताना पाहण्यातही सुख आहे, असे त्या म्हणतात.

त्यांचा हा आग्रह एकदा फार उपयोगी पडला. हैदराबादहून निरोप आला की आत्या रुग्णालयात आहेत. आत्या नव्वदीच्या. आमच्या घराण्यातली पाहिलेली माणसे अशी चहूकडे विखुरली आहेत. कोणी बेळगावी, कोणी बडोद्यात, आणि या थेट हैदराबादेत. रेल्वेने जायचे तर दिवसरात्र मोडणार. विमानाचे रोख भाडे नेहमीच्या तिपटीवर गेलेले. पॉइंटांच्या जागा पाहिल्या, तर दुसऱ्या सकाळच्या विमानात दोनच होत्या. सौभाग्यवतींनी क्षणाचाही विचार न करता सारे संचित त्यात ओतले.

आत्यांनी ओळखले. हात हातात घेतला आणि जुन्या वळणाप्रमाणे पहिला प्रश्न केला, "विमानाला किती पडले रे?"

"काही नाही, आत्या. थोडा कर भरावा लागला, एवढेच. बाकी फुकट."

हे त्यांना फारच आवडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनाही त्यांनी ते तेलुगूत समजावून सांगितले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फुकट आहे ना? मग पुढल्या महिन्यात पुन्हा या."

खात्यात तेव्हा अवघे २,३०० पॉइंट उरले होते. पुढल्या महिन्यात आम्ही रेल्वेने गेलो. आत्या घरी आल्या होत्या; विमान किती वाजता उतरले, असे त्यांनी विचारले, तेव्हा सौभाग्यवतींनी वेळ सांगितली.