पाकळीचा ल

वेब डेव्हलपर म्हणून मला पंचवीस वर्षं होत आली. अक्षराकडे बघायला मात्र ज्यांनी शिकवलं, त्यांनी आयुष्यात संगणक चालवला नाही. जबलपूरच्या सदरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा लहानसा छापखाना होता. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

बाबा गन कॅरेज फॅक्टरीत. ते घरी येईपर्यंत मी छापखान्यात बसायचो. कामं बहुतेक हिंदी, पावत्या आणि हँडबिलं. मराठी घरची पत्रिका आली की काका खिळ्यांच्या केसमधला दांड्याचा ल बाजूला सारून एका डब्यातून पाकळीचा ल काढायचे. शेंडीचा श जाऊन देठाचा श यायचा.

"काका, वाचता तर दोन्ही येतात ना?" मी एकदा विचारलं.

स्टिकमध्ये खिळे लावता लावता ते म्हणाले, "येतात रे. पण आजीला पत्रिका आपल्या घरची वाटायला हवी."

पुढे त्यांनी मला खिळे सोडवायला बसवलं. उलटी अक्षरं ओळखायची आणि ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायची. चुकीच्या खान्यात पडलेला एक खिळा उद्या दुसऱ्याची ओळ बिघडवतो, म्हणून मी उठलो की ते एकेक खाना चाळून बघायचे. टीममधल्या मुलांचा कोड तपासताना मीही तसाच बसतो.

महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले, तेव्हा मला काकांचा डबा आठवला. त्याच सुमाराला मी केलेल्या एका मराठी संकेतस्थळावर सगळे ल दांड्याचे उमटत होते. पानाच्या भाषेच्या जागी मी हिंदीची खूण ठेवली होती. तिथे मराठीची 'एमआर' ही दोन अक्षरं घातली. फाँटमध्ये मराठी वळणाची सोय होती, त्यामुळे पानभर पाकळ्या आल्या. ग्राहकाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण काकांकडे शिकलेल्या माणसाला ते तसंच सोडून देणं शक्य नव्हतं.

कामाबाहेर माझं मन दोनच गोष्टींत रमतं. रविवारी बोरूने अक्षरं गिरवतो आणि जबलपूरला गेलो की पहाटे ग्वारीघाटावर नर्मदेकाठी बसतो.

अशाच एका फेरीत काकांकडे गेलो. छापखाना कधीच बंद झाला होता, खिळे वजनावर विकले गेले होते. मी मोबाइलवर माझं काम दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा डोळ्यांजवळ धरला आणि ल बघितला. मग म्हणाले, "दऱ्या लिही. डोंगरातल्या."

मी लिहिलं. रफार न येता र नीट य च्या आधी बसला. समुद्राचा 'दर्या' झाला नाही. त्या लहानशा वळणावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे खिळे आपल्याकडे मोजून चार होते," ते म्हणाले. "पाचवा लागला की वाक्य बदलून घ्यावं लागायचं."