वाऱ्याच्या गावात फूल

नंदुरबारजवळच्या कोरीट गावात बॅडमिंटन शिकणाऱ्याचा पहिला प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. दोन बांबू रोवले, जाळी ताणली की मैदान तयार होतं. पण दुपार कलली की उघड्या शिवारावरून झोत येतो आणि अचूक मारलेलं फूलही बाजूच्या रेषेपलीकडे जाऊन पडतं. पोरं हिरमुसतात. त्यांचा हात चुकलेला नसतो. सोळा पिसांचं हे फूल जेमतेम पाच ग्रॅमचं. 2023 मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग ताशी 565 किलोमीटर नोंदला गेला. एवढ्या वेगाने सुटलेलं फूलही क्षणात हवेला अडखळून मंदावतं. ज्याचा सगळा डौल हवेने घडवलेला, त्याला वारा कसा सोसावा?

म्हणून मला हिवाळ्यातली सकाळ प्रिय आहे. नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली असते, कोरीटमध्ये थंडीने बोटं आखडतात, आणि वारा अजून उठलेला नसतो. त्या तासाभरात फूल सरळ वर जातं, उंचावर क्षणभर थबकतं, मग उलटून खाली येतं. हात सैल ठेवायचा आणि मूठ फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची, हे तेव्हाच उमगतं.

खरं शिक्षण मात्र पायांचं. समोरचा मारणार त्याच्या किंचित आधी घेतलेली छोटी उडी, तिथून कोपऱ्याकडे झेप, आणि लगेच मध्यावर परत. याला जाळी लागत नाही, फूलही लागत नाही; भर वाऱ्यातसुद्धा मोकळ्या मातीवर हे घोटता येतं. नवशिका फुलामागे धावतो, तयार खेळाडू फुलाच्या आधी पोहोचतो. मधलं अंतर वर्षानुवर्षांच्या कंटाळवाण्या सरावाचं आहे, आणि मला त्या कंटाळ्याविषयी आदर वाटतो.

पाय मोकळ्या मातीवर घडतात, हाताचं तसं नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिसकडे वळले होते. पुढे बॅडमिंटनमध्ये त्यांनी 1956 साली क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकली; परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. 1961 साली पहिल्या अर्जुन पुरस्कारांच्या मानकऱ्यांत तेही होते. त्यांची ख्याती ताकदीची नव्हती, जाळीजवळच्या नाजूक हाताची होती. मात्र असा हात बंद छपराखालीच पिकतो. 2022 मध्ये थॉमस करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. कोरीटच्या पोराची जिद्द त्याच्याहून उणी असेल असं मी मानत नाही. उणं आहे ते छप्पर, पिसांची फुलं आणि रोज चूक दाखवणारा प्रशिक्षक.

गावोगावी सभागृहं बांधली जातात. आपल्या गावात पुढचं बांधाल तेव्हा छप्पर चांगलं उंच घ्या, आणि फरशीवर 13.40 बाय 6.10 मीटरच्या रेषा आखायला विसरू नका.