सोयरीक

वस्तू टाकून देणे आमच्या दादांना ठाऊकच नव्हते. २०११च्या दिवाळीत त्यांनी सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी एक संगणक जोडला. २०१९ साली दादा गेले आणि तो संगणक माझ्या टेबलावर आला.

यंदा त्यांची नात पुण्याला शिकायला आमच्याकडे राहिली. तिला ब्लेंडरवर त्रिमिती चित्रे करायची होती. प्रोग्राम उघडेचना.

"आबा, याच्यातली चित्रशक्ती फार जुनी आहे. नवा घ्या ना!"

सूचना रास्त होती. पण दादांचा संगणक भंगाराच्या हातगाडीवर चढलेला मला दिसू लागला. म्हटले, "नुसते ग्राफिक्स कार्ड बसवू."

म्हणजे सोयरीकच जमवायची! डबा उघडला, तो झाकणाच्या आतल्या बाजूला दादांच्या हातची पेन्सिलीतली यादी. बोर्डाचा पूर्ण क्रमांक, आय-थ्री २१०० प्रोसेसर, वीजपुरवठा ४५० वॅट. वधूपक्षाला याहून अधिक काय हवे?

खाच पीसीआय एक्स्प्रेसची, पण दुसऱ्या पिढीची. मी पाहत होतो ते जीटीएक्स १६५० तिसऱ्या पिढीचे. तरी हरकत नसते. नवे कार्ड जुन्याच्या चालीने चालते, इतकेच. (माणसांत हे किती घरी घडते?) खरी अडचण विजेची. खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. भुकेल्या कार्डांना वीजपुरवठ्याच्या डब्यातून वेगळी तार लागते, आणि आमच्या डब्याला ती नव्हतीच. म्हणून ७५ वॅटांत भागवणारे, तारेवाचूनचे कार्ड शोधले. ते हार्ड डिस्कला अडेल की काय म्हणून मी टेपने आत माप घेऊ लागलो, तेव्हा सौ. म्हणाल्या, "ब्लाउज शिवताय का त्याला?"

एवढे गुण जुळवून कार्ड बसवले. पंखा फिरला. पडदा काळाच.

एक गोष्ट मी पाहिली नव्हती. बोर्डात बायोस नावाचा छोटा प्रोग्राम असतो. यंत्र जागे होताच तो सगळ्यांची हजेरी घेतो. आमचा बायोस २०११चा. तो काही नव्या कार्डांना ओळखतच नाही. कार्ड काढताच जुने चित्र परतले. निर्मात्याची २०१२ची सुधारित प्रत मिळत होती. पण ती चढवताना वीज गेली, किंवा प्रत भलत्याच बोर्डाची निघाली, तर दादांचा बोर्ड कायमचा मुका होणार.

दोन दिवस मी हात लावला नाही. "राहू दे, आबा," असे पोरगी म्हणाली, तेव्हा मला लाजच वाटली.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. तो टाळून शुक्रवार धरला. शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला. पोरगी झाकणावरचा क्रमांक अक्षर-अक्षर वाचत होती आणि मी प्रतीच्या नावाशी ताडून पाहत होतो. मग कळ दाबली. पडद्यावरची पट्टी इतक्या सावकाश सरकत होती की सौ.ही स्वयंपाकघरातून येऊन उभ्या राहिल्या.

यंत्र बंद झाले, आपणच पुन्हा सुरू झाले. कार्ड परत बसवले. पंखा फिरला आणि पडदा उजळला.

झाकण लावण्यापूर्वी पोरीने पेन्सिल मागितली. आजोबांच्या यादीखाली तिने कार्डाचे नाव लिहिले, तारीख घातली. तिचा 'क' अगदी दादांसारखा आहे.