अम्मीची दुर्बिणीची तपासणी

आमच्या अम्मीने सहा महिने एक गोष्ट आमच्यापासून लपवून ठेवली. तिला शौचाच्या वेळी रक्त जात होतं. धाकट्या बहिणीला धुण्यात डाग दिसले, तेव्हा कुठे अम्मी बोलली. "मूळव्याध असेल, या वयात होतेच. अब्बांना सांगू नका," एवढंच.

पुसेगावात आमच्या ओळखीच्या किती बायका हे असंच लपवत असतील, कोण जाणे! पण आम्हा तिघा भावंडांना मोठ्या चाचांची आठवण आली. त्यांनीही दोन वर्षं मूळव्याध समजून चूर्णं आणि पुड्या घेतल्या. पोट फुगलं तेव्हा नांदेडला नेलं, तर आतड्याचा कॅन्सर पसरलेला होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी अम्मीला तपासलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतं. मूळव्याध थोडी आहे, पण तेवढ्याने रक्त एवढं कमी होणार नाही, कोलोनोस्कोपी करून घ्या, असं ते म्हणाले. कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. हे आतडं साधारण पाच फूट लांब असतं.

अम्मीने कानावर हात ठेवले. परक्या माणसासमोर अशी तपासणी? आणि रमजान तर तोंडावर आला होता. तिने आयुष्यात रोजा सोडलेला आम्ही पाहिला नव्हता. "ईद होऊ द्या, मग बघू." पैशाचीही अडचण होती. हळद अजून शिजायची होती, बाजारात जायला अवकाश होता. अब्बांना अखेर आम्ही सांगितलंच. ते काही बोलले नाहीत, उठून मौलानांकडे गेले. आजारपणात रोजे मागे ठेवून नंतर कजा करता येतात, हे अम्मीलाही माहीत होतं. पण मौलानांनी फोनवर तिला स्वतः समजावलं, तेव्हा ती तयार झाली.

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्याने खर्च सांगितला सात हजार. भावाने दहा हजार जमवून खिशात ठेवले. आमची पहिली चूक इथेच झाली. सात हजार फक्त तपासणीचे होते. बाकीचं आम्ही विचारलंच नाही.

दोन दिवस आधीपासून हलकं खायचं होतं. पालेभाजी, डाळी, ज्वारीची भाकरी, बिया असलेली फळं बंद. पांढरा भात, दही, अंडं चालत होतं. अम्मीच्या लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीच थांबवल्या होत्या, कारण त्यांनी शौच काळं होतं आणि आतडं नीट साफ होत नाही. शुगरच्या गोळीचं डॉक्टरांना विचारून घेतलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही विचारल्याशिवाय बंद करू नये, असं त्यांनी बजावलं.

आदल्या दिवशी आम्ही देगलूर नाक्याला खालांच्या घरी मुक्काम केला. हा सल्ला एका परिचारिकेने दिला होता आणि तो लाखमोलाचा ठरला. पोट साफ करण्याची पावडर दोन लिटर पाण्यात मिसळून थोडी थोडी प्यायची असते. चव खारट, मळमळ आणणारी. तासाभरात जे सुरू होतं, ते घेऊन वारंगा फाट्यावरून एस.टी.ने प्रवास करायचा विचारही करू नये. अम्मी रात्री दहा-बारा वेळा उठली. "तपासणीपेक्षा हेच भारी," असं ती अजूनही म्हणते. शेवटी निव्वळ पिवळसर पाणी पडायला लागलं, म्हणजे आतडं साफ झालं. मधे नारळपाणी, लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा चालतो. खालांनी मायेने रूह अफजा करून आणलं होतं, ते मात्र परत न्यावं लागलं. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.

सकाळी दवाखान्यात आम्ही आधीच सांगितलं की, सोबत बाई हवी. परिचारिका आत राहिली, बहिणीलाही गुंगीचं औषध देईपर्यंत थांबू दिलं. मागून उघडणारी खास विजार घालायला देतात, वरून चादर असते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. अम्मीला सुई टोचल्याचं आठवतं, पुढचं काहीच नाही. अर्ध्या-पाऊण तासात ती बाहेर आली. आत हवा भरलेली असल्याने पोट गच्च वाटतं, ती हवा सोडायला लाजू नका असं परिचारिका सांगत होती, आणि अम्मी लाजून पदर तोंडावर घेत होती.

डॉक्टरांना आतड्यात दीड सेंटिमीटरची गाठ दिसली होती. तिला पॉलिप म्हणतात. ती त्यांनी तिथेच तारेच्या फासाने काढली आणि तपासायला पाठवली. मग बिल आलं. तपासणी ७,००० रुपये, भूल २,०००, गाठ काढणं ४,५००, गाठीची तपासणी १,६००, आधीच्या रक्ताच्या तपासण्या १,२००, पावडर आणि औषधं ६००. जाण्या-येण्याचे आणि इतर धरून १९,४००. खालूंनी पैसे पुढे केले नसते तर आम्ही काउंटरवरच अडकलो असतो.

म्हणून फोनवरच विचारा: भूल धरून किती? गाठ निघाली तर त्याच वेळी काढणार का, त्याचे किती? तिच्या तपासणीचे वेगळे का? खाजगीत नुसत्या तपासणीचे पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सांगतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खर्च बराच कमी येतो, पण नंबर लागायला वेळ लागू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात, पण योजना मुख्यतः शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी आहे. नुसत्या तपासणीचा खर्च बहुधा खिशातूनच होतो. तरी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा.

त्या दिवशी रुग्णाला एकट्याने घरी पाठवू नये, गाडी चालवू देऊ नये, महत्त्वाच्या कागदावर सही घेऊ नये. आतड्याला छिद्र पडणं फार क्वचित घडतं, हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. पण पोटात जोरात दुखलं, ताप आला, खूप रक्त गेलं तर लगेच परत जावं.

आठवड्याने अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण ठेवली असती तर पुढे होऊ शकेल अशा जातीची ती गाठ होती. आता तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करायची आहे. अब्बांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि वुजू करायला उठले.

हळद विकल्यावर खालूंचे पैसे फेडले. अम्मीने राहिलेले रोजे पावसाळ्यात एकेक करून पूर्ण केले. मागच्या महिन्यात शेजारच्या भाभी तिच्याशी दाराआड हळू आवाजात बोलत होत्या. अम्मीने आम्हाला हाक मारली आणि म्हणाली, "हिंगोलीच्या डॉक्टरांचा नंबर यांना लिहून द्या."